गोळी देण्याआधी

रावेरला राहणाऱ्या माणसाचे डॉक्टर तीन दिशांना विखुरलेले असतात. ताप, खोकला, जुलाब गावातच बघून होतात. डोळ्यांसाठी लोक भुसावळ गाठतात, हृदयासाठी जळगाव. लघवीच्या तक्रारीसाठी बरेच जण बऱ्हाणपूरला जातात, कारण राज्य बदललं तरी अंतर कमी पडतं. तिन्हीकडच्या चिठ्ठ्या शेवटी गावातल्या मेडिकलच्या काउंटरवर येतात आणि त्या काउंटरच्या आतल्या बाजूला मी उभी असते. जळगावच्या डॉक्टरांनी काय लिहिलंय ते बऱ्हाणपूरच्या डॉक्टरांना ठाऊक नसतं. पेशंटला गोळ्यांची नावं सांगता येत नाहीत, तो रंग सांगतो: बीपीची पांढरी, साखरेची लांबुळकी, झोपेची बारीक. सगळ्या गोळ्या एकाच वेळी एकाच माणसाच्या नजरेखालून जाण्याची जागा असलीच तर ती औषधाचं दुकान. माझ्या कामाचं मोल मला तिथेच वाटतं, आणि सगळ्यात जास्त जाणवतं ते एका चिठ्ठीपाशी. लघवी आवरत नाही म्हणून लिहून दिलेल्या गोळीच्या चिठ्ठीपाशी.

ही चिठ्ठी काउंटरवर येते तीच दबकत. दुकान रिकामं होईपर्यंत बायका बाजूला थांबतात. कुणी घडी केलेला कागद हळूच सरकवते, कुणी सुनेला नाहीतर नातीला पाठवते. पुरुष ‘प्रोस्टेटची द्या’ म्हणतात आणि पुढे काही बोलत नाहीत. केळीपट्ट्यातल्या एका गावच्या मावशी एकदा मला म्हणाल्या, ‘पोरी, मले आता पानी पेयाचंबी भेव वाटतं.’ सकाळी मजुरीला निघताना त्या चहा घेत नसत. बागेत दुपारपर्यंत पाण्याला तोंड लावत नसत. आत जुन्या सुती साडीची घडी ठेवत. मुलगा पुण्याला, त्याच्याकडे जायचं म्हणजे रात्रभर बस, म्हणून नातवाच्या बारशालासुद्धा गेल्या नाहीत. यातलं काहीच त्यांनी डॉक्टरांना सांगितलं नव्हतं. दवाखान्यात गर्दी, बाजूला परकी माणसं, त्यामुळे त्या एवढंच म्हणाल्या होत्या: ‘लघवी फार होते.’

या एका वाक्यात किती वेगवेगळी दुखणी मावतात ते मला दुकानात बसून कळत गेलं. साखर वाढलेला माणूसही हेच म्हणतो; त्याला दर वेळी भरपूर लघवी होते, तहानही लागते. लघवीत जंतुसंसर्ग झालेली मुलगी हेच म्हणते. तिला जळजळ असते, कधी थंडी वाजून ताप. प्रोस्टेट वाढलेले बाबा हेच म्हणतात, पण त्यांची पिशवी रिकामीच होत नसते, वरचं वर सांडत असतं. खोकताना, शिंकताना, खताची गोणी उचलताना लघवी सुटणारी बाई हेच म्हणते. तिचा दोष पिशवीच्या तोंडाला आधार देणाऱ्या स्नायूंत असतो, बहुतेक वेळा बाळंतपणांनंतरचा. आणि अचानक अशी घाई होते की संडासाच्या दारापर्यंतही पोचता येत नाही, अशी माणसं वेगळीच. त्यांची पिशवी पुरती भरण्याआधीच आकसते. आपण ज्या गोळीबद्दल बोलतोय ती मुख्यतः या शेवटच्या माणसांसाठी आहे. खोकल्या-शिंकेबरोबर होणाऱ्या गळतीवर तिचा फारसा उपयोग नाही. जंतुसंसर्गावर ती दिली तर दुखणं तसंच राहतं. आणि प्रोस्टेटने वाट अडवलेली असताना ती बिनतपासणी घेतली तर लघवी पूर्ण तुंबू शकते. पोट फुगून दगडासारखं होतं आणि माणूस तळमळत नळी घालायला दवाखान्यात जातो.

म्हणून मी पहिला प्रश्न गोळीचा विचारत नाही. तपासण्या काय झाल्या ते विचारते. लघवीची साधी तपासणी, साखर, आणि पन्नाशी ओलांडलेल्या पुरुषांना सोनोग्राफी. त्या सोनोग्राफीत लघवी करून आल्यावर पुन्हा यंत्र फिरवून पिशवीत किती उरलं ते मोजलं का, हेही विचारते. पुष्कळांना हे दुसऱ्यांदा मोजणं माहीतच नसतं. झालं असेल तर रिपोर्टवर तो आकडा असतो. नसेल तर डॉक्टरांना फोन करून विचारायला मला संकोच वाटत नाही आणि बहुतेक डॉक्टर नीट उत्तर देतात. लघवीतून रक्त जाणं, किंवा लघवीचा त्रास सुरू होतानाच पाय लटके पडणं, मांड्यांमधली जागा बधिर होणं, हे कुणी सांगितलं तर गोळीची गोष्ट तिथेच थांबते. त्याला त्याच दिवशी डॉक्टरांकडे परत पाठवते.

आता गोळी काय करते ते. सोलिफेनासिन, टॉल्टेरोडिन, ऑक्सिब्युटिनिन, डॅरिफेनासिन ही या घराण्यातली नावं. पिशवीच्या स्नायूला ‘आकस’ असा निरोप नेणारं एक रसायन शरीरात असतं, ॲसिटिलकोलिन. या गोळ्या त्याचा निरोप पोचू देत नाहीत, त्यामुळे पिशवी शांत राहते, घाई कमी होते. पण तेच रसायन तोंडात लाळ सोडवतं, आतडी हलवतं, घामाच्या ग्रंथी चालवतं, डोळ्याची बाहुली आकुंचित करतं आणि मेंदूत आठवणींच्या कामालाही लागतं. गोळीला फक्त पिशवी ओळखता येत नाही. कुठलं औषध पिशवीकडे जास्त ओढलं जातं, कुठलं मेंदूत कमी शिरतं, एवढाच फरक. ऑक्सिब्युटिनिन जुनं, त्याने तोंड फार कोरडं पडतं आणि म्हाताऱ्या माणसांत ते मेंदूत सहज शिरतं. नंतरच्या गोळ्या त्या मानाने सौम्य आहेत, तरी जात तीच. सगळं अंग थोडंथोडं कोरडं करणारी ही गोळी आहे, हे एकदा लक्षात घेतलं की घेण्याआधी काय काय सांगायला हवं ते आपोआप सुचत जातं.

आमच्याकडे त्यात पहिलं येतं ते ऊन. मे महिन्यात रावेर, भुसावळ, जळगाव या पट्ट्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि केळीच्या बागांना ते दिवस सुट्टी देत नाहीत. झाडाला पाणी लागतं, कापणी चालू असते, घड डोक्यावर घेऊन बांधापर्यंत आणायचे असतात, ट्रक भरायचे असतात. अशा उन्हात शरीर थंड राहतं ते घामावर. घाम कमी करणारी गोळी पोटात असताना माणूस दुपारभर शेतात राबला तर उष्माघाताचा धोका वाढतो. ऑक्सिब्युटिनिनच्या माहितीपत्रकात हा इशारा स्पष्ट लिहिलेला असतो. तो लिहिणाऱ्यांना खान्देशचा उन्हाळा माहीत नसावा. आम्हाला तो तेवढाच माहीत आहे. त्यातून ज्या बाईने लघवीच्या भीतीने आधीच पाणी तोडलंय, तिच्यावर दोन्हीकडून मार. पाणी नाही आणि घामही नाही. म्हणून फेब्रुवारीनंतर ही चिठ्ठी आली की मी विचारते: काम घरात आहे की बागेत? बागेत असेल तर डॉक्टरांना तेवढं कळवा, गोळी थोडी पुढे ढकलता येते का, दुसऱ्या जातीची देता येते का ते ते ठरवतील. आणि तोवर पाणी तोडू नका. कमी पाण्याने लघवी घट्ट, पिवळीधमक होते, ती पिशवीला जास्त टोचते, घाई उलट वाढते. मुतखडाही आमच्या भागाला नवा नाही.

एका वर्षी ज्येष्ठात मुक्ताईची पालखी निघण्याआधी एक ताई आल्या. मुक्ताईनगरहून पंढरपूरपर्यंतची वाट पायी, महिनाभराहून जास्त. मागच्या खेपेला वाटेत लघवीमुळे त्यांचे हाल झाले होते. बायकांच्या घोळक्यात मागे पडायच्या, राहुटीत रात्री उठायच्या, ओल्या कपड्यांनीच चालायच्या. नणंदेची गोळी त्यांनी बघितली होती आणि तीच त्यांना ‘वारीपुरती’ हवी होती, चिठ्ठीशिवाय. मी नाही म्हटलं. त्यांचे डोळे भरले, आणि मला त्याचं वाईट वाटलं, कारण त्यांची मागणी चैनीची नव्हती. मग आम्ही बसून बोललो. ही गोळी एका दिवसात लागू होत नाही. सोलिफेनासिनसारख्या गोळीचा पुरता परिणाम कळायला चार आठवडे जातात, म्हणजे पालखी निम्म्याहून पुढे गेल्यावर. त्याआधी सुरू होतं ते तोंड कोरडं पडणं. ज्येष्ठाच्या उन्हात पायी चालणाऱ्या माणसाचा घाम कमी करणारी वस्तू कुणीही हौसेने खाऊ नये. आणि नणंदेचे डोळे तपासलेले होते, त्यांचे नव्हते. त्या डॉक्टरांकडे गेल्या. तपासणीत जंतुसंसर्ग निघाला, त्याचं औषध मिळालं आणि पुष्कळसा त्रास तेवढ्यानेच गेला. दुसऱ्याची गोळी मागून घेणं आमच्याकडे फार चालतं, मायेपोटीच चालतं, आणि या औषधाइतकं ते दुसरीकडे क्वचितच महागात पडत असेल.

डोळ्यांचं थोडं सविस्तर सांगते. गावात मोतीबिंदूची शिबिरं होतात, त्यामुळे लोकांना मोतीबिंदू कळतो. काचबिंदूलाही ते मोतीबिंदूच म्हणतात. मी ‘डोळ्यांचा काही त्रास?’ असं विचारलं तर उत्तर ‘नाही’ येतं. म्हणून ‘डोळ्यात रोज थेंब घालता का?’ असं विचारते. थेंब घालणाऱ्यांना बाटली आणायला सांगते. डोळ्यातलं पाणी बाहेर जायची वाट ज्यांच्यात अरुंद असते, त्या प्रकारच्या काचबिंदूत ही गोळी ती वाट बंद करू शकते. डोळ्यातला दाब चढतो, डोळा लाल होतो, दिव्याभोवती रंगीत कडी दिसते, डोकं फुटल्यासारखं दुखतं, उलट्या होतात. तो प्रसंग काही तासांत दृष्टी घेऊन जाऊ शकतो. सगळ्या काचबिंदूंना ही मनाई नाही. डोळ्यांच्या डॉक्टरांनी हरकत नाही म्हटलं तर पुष्कळांना गोळी घेता येते. पण ते म्हणायला त्यांना आधी विचारायला हवं. बऱ्हाणपूरची चिठ्ठी आणि भुसावळची थेंबांची बाटली काउंटरवर शेजारी शेजारी ठेवलेली मी पाहिली आहे, आणि त्या दोन्ही डॉक्टरांना एकमेकांचा पत्ता नव्हता.

पोट साफ होतं का, हा प्रश्न विचारला की लोकांना वाटतं मी विषय बदलला. बद्धकोष्ठ आणि लघवीची घाई यांचं जवळचं नातं आहे. भरलेलं आतडं पिशवीवर दाबत असतं. आठवडाभर पोट साफ नसलेल्या आजींना ही गोळी दिली तर आतडी आणखी सुस्तावतात, आतडं आणखी दाबतं, घाई वाढते, आणि मग गोळीचा डोस वाढवून मागायला माणूस येतो. आधी पोटाकडे बघितलं तर काहींना गोळीच लागत नाही. कळण्याची भाकरी, पालेभाजी, पिकलेलं केळ, पुरेसं पाणी, रात्री इसबगोल, हे सगळं घरातलं आहे. तोंड कोरडं पडण्याचंही असंच. कोरड पडली की माणूस घटाघटा पाणी पितो आणि लघवी वाढते, म्हणून एकदम तांब्याभर पिण्यापेक्षा घोट-घोट घ्यावं, तोंडात बडीशेप नाहीतर लवंग ठेवावी. तोंड कोरडं झाल्यावर कवळी वापरणाऱ्यांच्या हिरड्या सोलवटतात, ते मी आधीच सांगून ठेवते.

पण काउंटरवर सगळ्यात जास्त वेळ जातो तो पिशवीतल्या, म्हणजे हातातल्या कॅरीबॅगमधल्या, इतर गोळ्यांवर. अंग कोरडं करणारी ही एकटी गोळी नसते. पोटात मुरडा आला म्हणून घेतलेली डायसायक्लोमिन त्याच जातीची. सर्दीच्या गोळीतलं क्लोरफेनिरामिन, खाजेची हायड्रॉक्सिझिन, साखरेच्या पेशंटला पायांची आग होते म्हणून दिलेली ॲमिट्रिप्टिलिन, मनाच्या आजाराच्या औषधांबरोबर हातपाय ताठू नयेत म्हणून दिलेली ट्रायहेक्सिफेनिडिल, या सगळ्या थोड्याफार तेच काम करतात. प्रत्येकीचा डोस लहान असतो, बेरीज मोठी होते. ही बेरीज कुठल्याच चिठ्ठीवर लिहिलेली नसते. एका आजोबांना तीन डॉक्टरांकडून अशा तीन गोळ्या चालू होत्या आणि चौथी लघवीची आली. घरचे म्हणत होते, बाबा हल्ली संध्याकाळी बडबड करतात, वय झालं. सगळी नावं एका कागदावर लिहून मी मुलाच्या हाती दिली आणि म्हटलं, दादा, हा कागद डॉक्टरांना दाखवा. त्यांनी दोन गोळ्या बंद केल्या, लघवीची सुरूच केली नाही. बाबांची बडबड पुढच्या काही आठवड्यांत ओसरली.

विसराळूपणाचा हा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. नॉटिंगहॅम विद्यापीठातल्या संशोधकांनी इंग्लंडमधल्या ५५ वर्षांपुढच्या सुमारे ५९ हजार स्मृतिभ्रंश झालेल्या लोकांच्या नोंदी इतर सव्वादोन लाख लोकांशी ताडून पाहिल्या. तो अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. अंग कोरडं करणाऱ्या जातीची काही औषधं वर्षानुवर्षं भरपूर घेतलेल्यांमध्ये स्मृतिभ्रंशाची शक्यता दीडपटीच्या आसपास दिसली, आणि त्यात पिशवीच्या गोळ्या होत्या. नोंदींच्या अभ्यासाने ‘गोळीमुळेच झालं’ असं सिद्ध होत नाही. तरी सत्तरीच्या माणसाला, ज्याची आठवण आधीच डळमळते आहे, ही गोळी वर्षानुवर्षं चालू ठेवण्याआधी डॉक्टरांशी बोलावं एवढं त्यातून नक्की निघतं. आणखी एक गाठ मी दुकानात बघितली आहे. आठवण जाते म्हणून डोनेपेझिल सुरू होतं. ते ॲसिटिलकोलिन वाढवतं, त्याने काहींना लघवीची घाई होते. मग घाईसाठी ॲसिटिलकोलिन अडवणारी गोळी येते. दोन्ही औषधं एकमेकांच्या विरुद्ध ओढतात आणि मधल्या मध्ये म्हातारा माणूस थकतो. अशा दोन चिठ्ठ्या एका नावावर आल्या की मी गोळी न देता फोन उचलते.

या जातीबाहेरची एक गोळी आता बरीच येते, मिराबेग्रॉन. ती निरोप अडवत नाही, पिशवीच्या स्नायूला वेगळ्या वाटेने सैल करते. त्यामुळे तोंड, पोट, आठवण यांचा त्रास खूपच कमी. म्हाताऱ्या माणसांना डॉक्टर ती आधी देऊ बघतात, ते बरोबर वाटतं. पण तिने रक्तदाब चढू शकतो, कधी छातीत धडधडतं. दाब १८० वर ११० च्या पुढे असेल तर ती देत नाहीत. आमच्याकडे बीपी आहे हे माहीत असणारे पुष्कळ, पण शेवटचं कधी मोजलं विचारलं तर ‘दिवाळीत’ असं उत्तर येतं. म्हणून दुकानात यंत्र ठेवलंय. पाच मिनिटं खुर्चीत बसवून मोजते, आकडा चिठ्ठीच्या मागे लिहिते. मेटोप्रोलॉलसारखी हृदयाची गोळी चालू असेल तर मिराबेग्रॉनमुळे तिचं रक्तातलं प्रमाण वाढतं, डिगॉक्सिनचंही वाढतं. जळगावच्या डॉक्टरांना ते कळायलाच हवं. ही गोळी हळूहळू विरघळावी अशी बनवलेली असते, त्यामुळे अर्धी करून किंवा कुटून घ्यायची नाही. घशाखाली उतरत नाही म्हणून सून खलबत्त्यात कुटून मधातून देत होती, असंही एका घरात चाललेलं मला कळलं. आणि मूत्रपिंड किंवा लिव्हर कमजोर असेल तर दोन्ही जातींच्या गोळ्यांचा डोस बदलतो, तो रिपोर्ट सोबत असलेला बरा.

कॅरीबॅगमध्ये दुखण्याचं कारणही सापडतं. बीपीच्या कितीतरी गोळ्यांत लघवी वाढवणारं औषध मिसळलेलं असतं. हृदयाच्या पेशंटला पायाची सूज उतरवायला टॉर्सेमाइड असते. ती संध्याकाळी घेतली की रात्रभर उठणं आलंच. सकाळी घेता येईल का एवढं डॉक्टरांना विचारलं तर कधी कधी रात्रीची झोप परत मिळते. साखरेसाठीची डापाग्लिफ्लोझिन साखर लघवीवाटे बाहेर काढते, म्हणून लघवी वाढते आणि खाजही येऊ शकते. तिचं पेटंट संपलं, किंमत उतरली, आता ती खेड्यापाड्यांत पोचली आहे. ती चांगली गोळी आहे, आपल्या मनाने बंद करायची नाही. फक्त लघवीच्या डॉक्टरांना ती चालू असल्याचं माहीत हवं. ॲम्लोडिपिनने पाय सुजतात, दिवसा पायात साठलेलं पाणी रात्री आडवं झाल्यावर लघवीतून निघतं. त्यावर संध्याकाळी तासभर पाय उशीवर ठेवून पडणं हासुद्धा एक इलाज आहे.

मी गोळ्या विकते, तरीही गोळीआधीच्या उपायांबद्दल आग्रहाने बोलते. तीन दिवसांची वही लिहायला सांगते: किती वाजता, किती, घाई होती का, कपडे ओले झाले का, किती पाणी, किती चहा. मोजायला खुणा असलेला प्लास्टिकचा मग चालतो. लिहिता येत नसेल तर नात लिहिते, नाहीतर रेघा मारायच्या. ही वही घेऊन डॉक्टरांकडे गेलेल्या माणसाला ‘लघवी फार होते’ असं बोलून गप्प बसावं लागत नाही. वही बोलते, आणि लाजेतलं निम्मं ओझं तिथे उतरतं. चहा दिवसाला सहा-सात कप होतो हे पुष्कळांना वहीतच पहिल्यांदा दिसतं. घाई आली की पळत सुटायच्या ऐवजी जागीच थांबून खालचे स्नायू आवळायचे, लाट ओसरली की मग सावकाश जायचं, आणि दोन वेळांमधलं अंतर दर आठवड्याला थोडं वाढवायचं. हे दीड महिना नेटाने केलं तर अनेकांना गुण येतो. खोकल्याबरोबर गळणाऱ्यांसाठी खालच्या स्नायूंचा व्यायाम, अमेरिकेतल्या डॉ. आर्नोल्ड केगल यांनी तो १९४८ मध्ये मांडला आणि अजूनही पहिला उपाय तोच आहे. लघवी आणि वारा एकदम रोखून धरल्यासारखं आवळायचं, सोडायचं, एका खेपेला निदान ८ वेळा, दिवसातून ३ खेपा, निदान ३ महिने. प्रत्यक्ष लघवी करताना तो करायचा नाही. भाकऱ्या थापताना, बसमध्ये, कुठेही होतो, कुणाला कळत नाही. अंग बाहेर येत असेल तर मात्र आधी स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवायचं.

२०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशन्समध्ये पेशंटला औषधाबद्दल समजावून सांगणं हे फार्मासिस्टचं काम म्हणून नोंदवलेलं आहे. काउंटरवर गर्दी असते, लोकांना घाई असते, गाडी सुटत असते. तरी या चिठ्ठीला मी दोन मिनिटं काढतेच. दुकानाच्या मागच्या बाजूला पडदा लावून एक खुर्ची ठेवली, तेव्हापासून बायका बोलू लागल्या. आपल्या खेड्यांतल्या मेडिकलमध्ये अशी पडद्याआडची खुर्ची सगळीकडे असावी असं मला मनापासून वाटतं. तिला खर्च काहीच नाही.

एवढं सगळं ऐकून कुणी गोळीलाच घाबरावं अशी माझी इच्छा नाही. तपासून, विचारून सुरू केलेल्या गोळीने माणसं घराबाहेर पडू लागलेली मी बघते. जवळच्या गावातल्या एका शिक्षिका तास अर्ध्यावर टाकून वर्गाबाहेर धावायच्या, मुलं हसायची. डोळे, साखर, सोनोग्राफी सगळं नीट होतं, दुसरी कुठली गोळी नव्हती. सोलिफेनासिन ५ मिलिग्रॅम सुरू झाली. पहिल्या पंधरवड्यात ‘काही फरक नाही ताई’ म्हणून त्या बंद करणार होत्या. पैसे गेले, तोंड तेवढं सुकलं, असं त्यांचं म्हणणं. हीच जागा अवघड असते. लोक चार गोळ्या कापून नेतात, चार दिवसांत गुण दिसत नाही, पाचव्या दिवशी सोडतात आणि औषध वाईट ठरतं. सोलिफेनासिनला चार आठवडे, मिराबेग्रॉनला कधी आठ आठवडे द्यावे लागतात, हे पहिल्याच दिवशी सांगितलेलं असलं तर माणूस धीर धरतो. त्यांनी धरला. आता त्या सलग दोन तास घेतात.

लघवी अजिबात होईनाशी झाली, डोळा दुखून लाल झाला, ओठ-जीभ सुजली, उन्हात अंग तापूनही घाम येईना किंवा म्हातारं माणूस एकाएकी भ्रमिष्टासारखं वागू लागलं, तर पुढची गोळी न घेता लगेच दवाखाना गाठायचा, हे मी पेशंटबरोबर घरातल्या आणखी एकाला सांगते. पाकिटावर गोळीची वेळ लिहिते, आणि खाली पुन्हा डॉक्टरांना दाखवायची तारीख. त्या दिवशी बीपी मोजून घ्यायचं, वही न्यायची, गोळी पुढे चालू ठेवायची की थांबवायची हे विचारायचं. गुण आला नसेल तर डोस आपण वाढवायचा नाही. गुण आला असेल तरी विचारायला जायचंच, कारण ही गोळी जन्मभर घ्यावी लागेल असं कुणी ठरवून दिलेलं नाही. काहींची काही महिन्यांनी थांबवून बघता येते.